रात्रीचे दुखणे, सकाळची चाल

दिवसभर हुंदडणारे मूल रात्री झोपेतून रडत उठते आणि पाय दुखत असल्याची तक्रार करते. आई पाय चेपून देते, काही वेळाने मूल पुन्हा झोपी जाते आणि सकाळी काही घडलेच नव्हते अशा रीतीने खेळू लागते. चार-आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. सर्वसाधारणपणे ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलांबाबत हा अनुभव अनेक घरांतून येतो. ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, ४ ते ६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ३७ टक्के मुलांना हा त्रास असल्याचे आढळले होते.

या त्रासास ‘वाढीचे दुखणे’ म्हणतात. हे नाव एकोणिसाव्या शतकात युरोपातील वैद्यांनी रूढ केले. परंतु ते काहीसे फसवे आहे. मुलाची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पहिल्या वर्षात आणि पौगंडावस्थेत. हे दुखणे मात्र त्या दोहोंच्या मधल्या काळात होते. म्हणूनच “वाढते वय आहे, दुखायचेच” असे म्हणून विषय संपविणे योग्य नव्हे. बहुसंख्य मुलांचे दुखणे निर्धोक असते हे खरे. पण मोजक्या मुलांच्या बाबतीत याच तक्रारीआड गंभीर आजार दडलेला असतो. हा फरक ओळखणे महत्त्वाचे आहे.

निर्धोक दुखणे कोणते?

वाढीचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते. ते सांध्यात नव्हे, तर मांड्या, पोटऱ्या, नडग्या आणि गुडघ्यामागील भागात जाणवते. ते संध्याकाळी किंवा रात्री सुरू होऊन थोड्या वेळात थांबते, रोजच होते असे नाही, आणि पाय चोळल्याने मुलाला बरे वाटते. पायावर सूज किंवा लाली नसते, अंगात ताप नसतो. पोटरीत गोळा आला असता स्नायू हाताला घट्ट लागतो. तसेही येथे होत नाही. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे सकाळी मूल न लंगडता चालते व धावते.

दुर्लक्ष करू नये असे दुखणे

एकाच पायात, त्यातही एकाच जागी पुन:पुन्हा होणारे दुखणे, सकाळीही टिकणारी वेदना किंवा आखडलेपणा, लंगडणे, सांध्याची सूज, ताप, वजन घटणे, चेहऱ्यावरील फिकटपणा, मार न लागता अंगावर उठणारे काळेनिळे डाग, यांपैकी एकही लक्षण असल्यास मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. हाडातील जंतुसंसर्ग, हाडाचा क्षयरोग, लहान मुलांमधील संधिवात आणि क्वचित रक्ताचा कर्करोगही प्रारंभी पाय दुखण्याच्या रूपाने प्रकट होतो. खुब्याच्या सांध्यातील विकारात मूल गुडघा दुखतो असे सांगते, हेही ध्यानात ठेवावे.

पाय वाकलेले किंवा मनगटाची हाडे रुंदावलेली दिसल्यास ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या मुडदुसाची शंका घ्यावी. आदिवासी भागात हाडांच्या तीव्र वेदना वारंवार होत असतील, तर सिकलसेलची रक्ततपासणी आवश्यक ठरते. पंधरा वर्षांखालील मुलाच्या पायातील शक्ती एकाएकी गेल्यास ती बाब त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावी. भारताला २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले असले, तरी ही दक्षता आजही पाळली जाते.

घर आणि शाळा

रात्रीचे रडणे घरातील माणसे पाहतात. दिवसाची चाल मात्र शिक्षक आणि अंगणवाडी सेविका पाहतात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील मोहने येथे नॅशनल रेयॉनचा कारखाना अनेक कुटुंबांचा आधार होता. २००९ मध्ये तो बंद पडला. आंबिवली स्थानकावरून पहाटेची लोकल पकडून कामावर जाणाऱ्या पालकास आपले मूल सकाळी कसे चालते हे पाहावयास मिळतेच असे नाही. पहाटे शेतावर जाणाऱ्या खेड्यातील आई-वडिलांचीही तीच स्थिती असते. अशा वेळी प्रार्थनेच्या रांगेत लंगडणारे किंवा खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसून राहणारे मूल शिक्षकांनी हेरले आणि रात्री काय होते ते पालकांना विचारले, तर निदानास लागणारी अर्धी माहिती हाती येते. किती दिवसांनी दुखते, कोणता पाय, किती वेळ आणि सकाळी चाल कशी, एवढी नोंद वहीच्या एका पानावर ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. लक्षणे पूर्णपणे निर्धोक स्वरूपाची असल्यास बहुधा क्ष-किरण किंवा रक्ततपासणीची गरज भासत नाही. गरीब कुटुंबाचा खर्चही वाचतो.

तपासणीची सोय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळेस एकदा भेट द्यावी अशी योजना आहे. भेटीपूर्वी शिक्षकांनी अशा मुलांची यादी तयार ठेवावी व ग्रामपंचायत सदस्यांनी पालकांना हजर राहण्यास सांगावे. धोक्याचे लक्षण दिसल्यास मात्र पथकाची वाट न पाहता गावात प्राथमिक आरोग्य केंद्र व शहरात महापालिकेचे रुग्णालय गाठावे.

घरगुती उपाय

निर्धोक दुखण्यात कोमट तेलाने हलके चोळणे, सोसवेल इतका शेक आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्या व मांड्या ताणण्याचे सौम्य व्यायाम उपयोगी पडतात. वेदना फार असल्यास डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. सूज किंवा ताप असताना मालीश करून वेळ दवडू नये. मूल शाळा चुकविण्यासाठी सोंग करते असा आरोपही करू नये, कारण वेदना खरी असते.

वाढीचे दुखणे कालांतराने आपोआप थांबते व पायात कोणतेही व्यंग मागे ठेवीत नाही. तसे आश्वासन पालकांना देण्यापूर्वी मुलाची सकाळची चाल मात्र कोणीतरी डोळसपणे पाहिलेली असली पाहिजे.