पहिली कादंबरी आणि तिचा पहिला वाचक

नव्या लेखकाची पहिली कादंबरी वाचकांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात क्वचितच विचारला जातो. इतिहास लिहिला जातो तो नामवंत कृतींचा. परंतु प्रत्येक नामवंत कृती कधी काळी अपरिचित होती, आणि कोणीतरी तिची प्रथम शिफारस केली होती. आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या दोन दुष्काळी तालुक्यांतील उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

आटपाडी तालुक्यातील माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही पहिली कादंबरी प्रथम ‘मौज’च्या दिवाळी अंकातून आणि मग १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ‘माणदेशी माणसं’ या १९४९ च्या संग्रहामुळे लेखकाचे नाव वाचकांना ठाऊक झाले होते. म्हणजे कादंबरी नवी असली तरी लेखक परका नव्हता. नियतकालिक आणि त्याचा साक्षेपी संपादक यांनी वाट आधीच तयार करून ठेवली होती.

जत तालुक्यातील नवनाथ गोरे यांची स्थिती निराळी होती. त्या भागातील बोलीत लिहिलेली ‘फेसाटी’ ही त्यांची पहिली कादंबरी २०१७ मध्ये निघाली, तेव्हा लेखकाच्या पाठीशी पूर्वकीर्ती नव्हती. २०१८ मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आणि तिचे नाव सर्वदूर पोचले.

पुरस्कारांचे मोल निर्विवाद आहे. महाराष्ट्र शासनही पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने स्वतंत्र पुरस्कार देते. तथापि पुरस्कार प्रकाशनानंतर येतो आणि निवडक कृतींनाच लाभतो. उरलेल्यांचे भवितव्य ग्रंथपालाच्या खरेदीवर आणि जाणत्या वाचकाच्या शब्दावर अवलंबून राहते. पहिली आवृत्ती सहसा लहान असते आणि तिचे पुनर्मुद्रण होईलच असे नाही. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके नष्ट झाली. अशा प्रसंगी गाजलेला ग्रंथ पुन्हा विकत घेता येतो. ज्याची दुसरी आवृत्ती निघालीच नाही, तो मात्र कायमचा हरपण्याचा संभव असतो.

म्हणून शिफारस ही केवळ स्तुती नसावी. ‘दुसरे माडगूळकर’ असे म्हटल्याने नव्या लेखकाविषयी काहीच कळत नाही. कादंबरी कोणत्या भूभागाची व बोलीची आहे, पूर्वसूरींनी न पाहिलेले तिने काय पाहिले, तिची रचना कोठे सैल पडते आणि तरीही ती का वाचावी, एवढे स्पष्ट सांगणारी शिफारस वाचकाला उपयोगी पडते. दोषांचा उल्लेख असल्याने गुणांवरील विश्वासही वाढतो.

पहिल्या कादंबरीला वाचक मिळाला नाही, तर दुसरी बहुधा लिहिलीच जात नाही. प्रसिद्धीची प्रतीक्षा न करता नवे पुस्तक हाती घेणारा वाचक म्हणूनच वाङ्मयाच्या घडणीत सहभागी असतो.