फाट्यावरची लिफ्ट

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, लांबचा प्रवास पुष्कळदा लिफ्टवरच पुरा होतो. बस महामार्गावरच्या फाट्यावर सोडून निघून जाते आणि गाव तिथून काही किलोमीटर आत, जंगलाच्या रस्त्याला असते. मागून येणाऱ्या दुचाकीला, ट्रॅक्टरला किंवा पिकअपला हात दाखवायचा, जिथवर नेईल तिथवर जायचे, पुन्हा उतरून उभे राहायचे. परदेशी हिचहायकिंगमध्ये अंगठा दाखवतात. इथे तळहात खाली करून हलवतात आणि गाडी थांबते.

गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी हा अशा प्रवासाचा मोठा नाका आहे. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत येणारा महामार्ग वैनगंगा ओलांडून इथे पोचतो. साकोली-वडशाकडून येणारा दुसरा महामार्ग इथूनच गडचिरोली, आष्टी, आलापल्लीवरून सिरोंच्याला जातो. आरमोरी ते सिरोंचा हे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. रेल्वेचा आधार म्हणजे वडसा स्थानक. तिथून आरमोरीवरून गडचिरोलीला जाणाऱ्या लोहमार्गाचे काम चालू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात. राज्याची सरासरी ३६५ आहे. वस्ती इतकी विरळ, म्हणून आतल्या गावांना बसफेऱ्याही मोजक्याच. पावसाळ्यात भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला की त्या मोजक्या फेऱ्याही बंद पडतात.

गाडी थांबली की पहिला प्रश्न येतो, 'कोन्या गावचे जी?' गावाचे नाव कळले की त्या गावातला कोणी सोयरा, कोणी गुरुजी, कोणी दुकानदार आठवतो आणि अनोळखीपण निम्मे सरते. ही चौकशी वरवरची वाटली तरी सगळा विश्वास तिच्यावरच उभा असतो. मागे बसणाऱ्याला चालवणाऱ्याचा ठावठिकाणा कळतो, चालवणाऱ्याला मागे बसणाऱ्याचा, आणि पुढे काही झाले तर कोणाच्या दारात जायचे हे दोघांना ठाऊक असते. दुचाकीवाला सहसा पैसे घेत नाही. ट्रकवाला घेतो, तेही बसभाड्याच्या आसपास.

जंगलात या मदतीला आणखी एक कारण आहे. वडसा वनविभागात पकडलेल्या सीटी-१ या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून १३ माणसांचा बळी घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जेरबंद झाला. अशा मुलखात दिवस मावळताना एकट्याने पायी चाललेला माणूस दिसला तर गाडी थांबवणे हे जीव वाचवण्याइतके मोलाचे ठरते. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्रभराचे नाटक पाहून पहाटे परतणारी माणसेही मिळेल त्या वाहनाने गाव गाठतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा ही रीत किती भार पेलते ते साऱ्या महाराष्ट्राला दिसले.

जगात काही सरकारांनी हीच गोष्ट व्यवस्थेत बसवली. पोलंडमध्ये १९५७ पासून लिफ्ट मागणाऱ्यांना अधिकृत पुस्तिका मिळे. चालकाला त्यातली कुपने दिली जात आणि कुपने जमवणाऱ्या चालकांना बक्षिसे असत. क्यूबात १९९० च्या दशकात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा पिवळ्या गणवेशातले कर्मचारी नाक्यावर सरकारी गाड्या थांबवून त्यांत प्रवासी बसवू लागले. तिथली अनोळखी माणसाची मदत नुसत्या इच्छेवर सोडलेली नव्हती. झाडीपट्टीत ती सर्वस्वी इच्छेवर आहे, आणि म्हणून ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. एकटी स्त्री अनोळखी पुरुषाच्या दुचाकीवर बसायला कचरते. ओळखीचे कोणी येईपर्यंत किंवा सोबतीला दुसरी बाई मिळेपर्यंत ती फाट्यावर ताटकळते. बसफेरी रद्द झाल्याचा सर्वांत मोठा फटका तिलाच बसतो.

कायद्याची बाजू फार थोड्यांना माहीत असते. परवाना नसलेल्या खासगी गाडीने भाडे घेऊन प्रवासी नेणे मोटार वाहन कायद्याविरुद्ध आहे. फुकट लिफ्ट देण्यावर तशी बंदी नाही. खरा धोका विम्याचा आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवलेला प्रवासी दगावला तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये ठरवले. दुचाकीला नुसता कायद्यापुरता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्यालाही संरक्षण नाही, हे २००६ च्या टिळक सिंग निकालाने स्पष्ट झाले. त्यामुळे फाट्यावर रोज कोणाला तरी मागे बसवणाऱ्याने पॅकेज पॉलिसी घेणे आणि दुसरे हेल्मेट सोबत ठेवणे फार गरजेचे आहे. अपघातग्रस्ताला गाडीत घालून दवाखान्यात नेणाऱ्याची गोष्ट वेगळी: २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १३४-अ आणि त्याखालच्या नियमांनुसार त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.