पट्टकादंब

अ‍ॅनॅटिडी पक्षिकुलातील एक स्थलांतरी रानहंस. शास्त्रीय नाव अ‍ॅन्सर इंडिकस. यास राजहंस असेही म्हणतात. लांबी सु. ७५ सेंमी. व वजन २ ते ३ किग्रॅ. असते. अंगाचा रंग फिकट करडा असून पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात. त्यांवरूनच हे नाव पडले आहे. नर व मादी सारखीच दिसतात.

पट्टकादंबांची वीण मंगोलिया, तिबेट व लडाख येथील उंच सरोवरांच्या काठी उन्हाळ्यात होते. शरद ऋतूत ते थव्यांनी हिमालय ओलांडून भारतात येतात. त्यांच्या रक्तातील हीमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन सहज शोषून घेते. उपग्रहाद्वारे केलेल्या निरीक्षणांत सु. ७,२९० मी. उंचीवरील उड्डाणाची नोंद झाली आहे. तथापि हे पक्षी सरसकट एवढ्या उंचीवरून जात नाहीत, तर डोंगरांच्या चढउतारानुसार शक्य तितके खालून उडतात. रात्रीची थंड व दाट हवा त्यांना उपकारक ठरते.

महाराष्ट्रात ते गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर व नाथसागर (जायकवाडी), तसेच भीमेवरील उजनी अशा जलाशयांवर हिवाळ्यात दिसतात. दिवसा ते उथळ पाण्यात वा उघड्या काठावर विसावतात आणि सायंकाळनंतर गवत, हरभरा, गहू यांचे कोवळे कोंब खाण्यास शेतांत उतरतात. गोडे पाणी व लगतची शेते यांची अशी जोड त्यांस मानवते. भिवंडी-ठाणे परिसरातील खाड्यांचा खारा चिखल मात्र रोहित पक्ष्यांना अधिक सोयीचा आहे; तेथील ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य व २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झाली. नांदूर मध्यमेश्वरास हा रामसर दर्जा २०२० मध्ये, राज्यात प्रथम, मिळाला.

धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर शेतकरी गाळपेरा करतात. हंसांचे विसाव्याचे व चरण्याचे ठिकाणही तेच असल्याने पिकांची नासाडी व पक्ष्यांना होणारा उपद्रव हे दोन्ही प्रश्न एकाच भूमीवर उभे राहतात. शिवाय एकाच तळ्यावर मोठे थवे जमत असल्याने साथीचा फैलाव त्वरित होतो. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने पट्टकादंब मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांच्या शिकारीस बंदी आहे. परंतु शिकार थांबली तरी काठाचा निवांतपणा टिकल्याविना त्यांचे हिवाळी वास्तव्य सुरक्षित राहत नाही. मार्चच्या सुमारास ते उत्तरेकडे परततात.