रक्तशर्करा, डोकेदुखी आणि चक्कर

रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण मर्यादेपेक्षा कमी किंवा जास्त झाल्यास डोकेदुखी व चक्कर ही लक्षणे उद्भवू शकतात. रक्तशर्करा कमी होण्याच्या स्थितीस हायपोग्लायसेमिया, तर ती वाढण्याच्या स्थितीस हायपरग्लायसेमिया असे म्हणतात. मधुमेहाखेरीज तीव्र कुपोषणातही रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटते. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत हा विषय बालआरोग्याशी निगडित आहे.

कारणे

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. ही ऊर्जा त्याला मुख्यतः ग्लुकोजपासून मिळते आणि ग्लुकोजचा मोठा साठा मेंदूत नसतो. निरोगी व्यक्तीची उपाशीपोटी रक्तशर्करा साधारणतः ७० ते ९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ती घटू लागली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. त्यामुळे घाम, थरथर, धडधड व तीव्र भूक जाणवते. ती आणखी घटल्यास मेंदूला ग्लुकोज अपुरे पडते आणि डोकेदुखी, चक्कर, अंधारी, गोंधळलेपणा, झटके व बेशुद्धी असे परिणाम होऊ शकतात.

रक्तशर्करा फार वाढल्यास जादा ग्लुकोज लघवीवाटे बाहेर पडते व सोबत पाणीही जाते. या निर्जलीकरणामुळे डोके दुखते आणि उठून उभे राहताना चक्कर येते.

मधुमेहात इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेऊन जेवण टाळल्यास रक्तशर्करा घटते. उपाशीपोटी मद्यपान केल्यास यकृताची नवे ग्लुकोज तयार करण्याची क्रिया मंदावते व तोच धोका संभवतो.

जव्हार व मोखाडा

या तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी समाजांची वस्ती आहे. नागली, वरई व भात ही येथील प्रमुख पिके होत. शेती पावसावर अवलंबून असल्याने खरिपानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे येथील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

कुपोषित बालकाच्या यकृतात ग्लायकोजनचा साठा अल्प असतो आणि स्नायू झिजल्यामुळे नवे ग्लुकोज बनवण्यासाठी लागणारा कच्चा मालही कमी पडतो. अशा वेळी जुलाब, न्यूमोनिया यांसारखा संसर्ग झाला किंवा रात्रभर अन्न मिळाले नाही, तर रक्तशर्करा झपाट्याने उतरते. लहान मूल डोके दुखते वा चक्कर येते असे सांगू शकत नाही. मलूलपणा, दूध न ओढणे व अंग गार पडणे हीच काय ती लक्षणे दिसतात. काही वेळा तीही दिसत नाहीत. म्हणून तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात आणताच रक्तशर्करा तपासणे आवश्यक ठरते.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या तीव्र कुपोषणावरील दहा टप्प्यांच्या उपचारपद्धतीत रक्तशर्करा-न्यूनतेवरील उपचार हा पहिला टप्पा आहे. अशा बालकांत ५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी रक्तशर्करा ही न्यूनता मानली जाते. मूल शुद्धीवर असल्यास त्याला १० टक्के ग्लुकोजचे किंवा साखरेचे ५० मिलिलिटर द्रावण पाजतात. त्यानंतर रात्रीसह दर दोन तासांनी आहार देतात व अंग उबदार ठेवतात. तपासणीची सोय नसल्यास न्यूनता आहे असे गृहीत धरून उपचार सुरू करतात.

प्रौढ मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा ७० पेक्षा कमी असल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात साखर वा पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा रुग्णास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

निदानातील सावधगिरी

प्रत्येक चक्कर रक्तशर्करेमुळे येत नाही. रक्तक्षय, निर्जलीकरण, रक्तदाबातील बदल व कानाचे विकार यांतही ही लक्षणे आढळतात. आदिवासी भागांत सिकलसेल आजाराचाही विचार करावा लागतो. ग्लुकोमीटरने बोटातील रक्ताच्या एका थेंबावर काही सेकंदांत होणारी तपासणी हा फरक ओळखण्यास साहाय्य करते.