एक जूनला अठरा पूर्ण, मग दोन जूनला राहायचं कुठं?



फेब्रुवारीतली गोष्ट. बारावीतला एक मुलगा ऑफिसात बसून पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरत होता. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं भराभर लिहिलं आणि ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी पेन थांबला. मला म्हणाला, "सर, इथं काय लिहू? एक जूननंतर मी तिथं नसणार."

हा मुलगा बालगृहातून आमच्याकडं शिकायला यायचा. एक जूनला त्याला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि त्या दिवशी बालगृहातला मुक्काम संपणार होता. मला हे माहीत होतं, पण ‘माहीत होतं’ म्हणजे काय, तर कधीतरी ऐकलं होतं. त्या रकान्यानं मला कामाला लावलं. तेव्हापासून जे समजत गेलं ते इथं लिहितोय, कारण आपल्या नांदेड-लातूरकडच्या अनेक शाळांत अशी दोन-चार मुलं असतातच.

आधी जन्मतारखेबद्दल, कारण हा आपल्याच हातचा मामला आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर उघडा. एक जून, एक जून, एक जून. पालकांना तारीख आठवत नाही, जन्माची नोंद नाही, मग गुरुजींनी सहा वर्षं मागं मोजून शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून दिली. आपण हे हसण्यावारी नेतो. पण ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ या कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला आहे. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे कुणा गुरुजींनी घाईत लिहिलेली तारीख त्या पोराचं छप्पर कधी जाणार हे ठरवते. खरं वय सतराच असलं तरी.

आता हिशोब करा. सहाव्या वर्षी पहिली, बारा वर्षं शाळा. सहा अधिक बारा, अठरा. एक जूनवाल्या मुलाला अठरा पूर्ण होतात ते बारावीचा निकाल हातात पडल्या पडल्या. कॉलेजचे प्रवेश, वसतिगृहाच्या याद्या हे सगळं जुलै-ऑगस्टात. मधले दोन-अडीच महिने तो कुणाचाच नसतो. आणि ही झाली वेळेवर शाळेत आलेल्या मुलाची गोष्ट. उसतोडीमागं फिरून, शाळाबाह्य राहून उशिरा दाखल झालेला मुलगा अकरावीत, क्वचित दहावीतच अठराचा होतो.

कायदा याबाबत अगदीच गप्प आहे असं नाही. कलम ४६ म्हणतं की अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येईल. ‘देता येईल’ हे शब्द नीट वाचा. ‘दिलेच पाहिजे’ असं नाही. या पाठपुराव्याच्या मदतीला सरकारी भाषेत ‘अनुरक्षण’ म्हणतात. ती अठरा ते एकवीस वर्षांपर्यंत मिळू शकते, आणि केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत. त्या नियमांत बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत: सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं, शिक्षण-प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, समुपदेशक, धंद्यासाठी कर्ज. सगळ्यात कामाची ओळ मात्र अशी की, मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढं ठेवायचा. एक जूनवाल्यासाठी म्हणजे एक एप्रिल! तेव्हा बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली असते आणि आपण पेपर तपासण्यात बुडालेले असतो.

केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अनुरक्षणासाठी महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत. खोलीचं भाडं आणि मेस यातच ते संपतात. पुस्तकं, प्रवास, आजारपण उरतंच. तरीही ४,००० आणि शून्य यात फार फरक आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं, तो महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी जोडलेला असतो. शासनाची स्वतःची अनुरक्षण गृहं राज्यात मोजकी आहेत. मुलींसाठी महिला राज्यगृहाचा पर्याय असतो, पण तिथं राहून कॉलेज करणं कितपत जमेल हे आधी जाऊन बघावं.

इथं एक घोळ होतो, आणि आपण शिक्षकही तो करतो. बालगृहातलं मूल म्हणजे अनाथ, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कुणाची आई आहे पण सांभाळू शकत नाही, कुणाचा बाप आहे पण तो नसल्यात जमा. उलट आई-वडील दोघंही गेलेलं मूल आजीकडं, मामाकडं राहतं आणि बालगृहाची पायरीही चढलेलं नसतं. या दोघांची दारं वेगळी आहेत. अनुरक्षणाची मदत संस्थेत राहिलेल्याला, मग आई जिवंत असली तरी. अनाथ प्रमाणपत्र मात्र अठराच्या आत आई-वडील दोघंही गेलेल्याला, मग तो संस्थेत वाढो की नातेवाइकांकडं. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात यांना ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ अशी नावं आहेत.

या प्रमाणपत्राची किंमत मोठी आहे. त्यावर शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण मिळतं. हे आरक्षण आलं कसं, तेही मुलांना सांगण्यासारखं आहे. अमृता करवंदे ही मुलगी गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढली. अठरा झाल्यावर बाहेर पडली, पुण्याला आली, आणि पहिली रात्र रेल्वे स्टेशनवर काढली, असं तिनंच नंतर सांगितलं आहे. काम करत शिकली, राज्यसेवेच्या परीक्षेला बसली. गुण मिळाले, पण नॉन-क्रीमीलेअरचं प्रमाणपत्र नव्हतं. आई-बापाचं उत्पन्न दाखवायला आई-बाप कुठून आणणार? ती दाद मागत थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचली आणि २ एप्रिल २०१८ ला शासन निर्णय निघाला. पुढं जुलै २०२४ च्या फीमाफीच्या निर्णयातही या दोन्ही गटांतल्या अनाथ मुला-मुलींचा समावेश झाला. तो मुख्यतः मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाचा म्हणून गाजला, त्यामुळं अनाथ मुलग्यांनाही तो लागू आहे हे अनेकांच्या लक्षातच आलं नाही.

नातेवाइकांकडच्या मुलांचं काय? त्यांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात (आता योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे). एक पालक असलेली मुलंही यात येतात. आपल्याकडं शेतकरी आत्महत्येनंतर बाप गेलेली कितीतरी मुलं याच पैशावर शिकतात. पण अठरा झाली की हे पैसे बंद, आणि संस्थेत राहिलेली नसल्यामुळं अनुरक्षणही नाही. आई हयात असल्यानं अनाथ प्रमाणपत्रही नाही. माझ्या मते सगळ्या रचनेतलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे. इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीतून बाहेर पडलेल्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत सल्लागार माणूस मागता येतो, आणि प्रतिपालक कुटुंब तयार असेल तर एकवीसपर्यंत त्याच घरी राहता येतं. आपल्याकडं आजीच्या घरून कुणी पोराला बाहेर काढत नाही हे खरं, पण आजीच्या निराधार पगारात कॉलेज होत नाही.

कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांचा हिशोब वेगळा आहे. पीएम केअर्समधून अठरा ते तेवीस या काळात दरमहा रक्कम आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख, शिवाय राज्याची पाच लाखांची मुदतठेव एकविसाव्या वर्षी. तेव्हा पाचवी-सहावीत असलेली ही मुलं आता अठराच्या आसपास आहेत. त्यांच्या बँक खात्याचं केवायसी, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळतंय का, एवढं तरी आत्ताच बघून ठेवा.

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणांनी ‘आपलं घर’ उभं केलं. आणि लातूरच्या औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ काढलं. सुरुवातीला गावाचा विरोध झाला. पण मुलं जगली, मोठी झाली, आणि अठराची झाल्यावर तोच प्रश्न: आता कुठं? त्यांनी उत्तर काढलं ते ‘हॅपी इंडियन व्हिलेज’. अठरा पार केलेल्या मुला-मुलींनी तिथंच राहायचं, काम करायचं, संसारही मांडायचा. काहींची लग्नं तिथंच लागली. अमरावतीकडं वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनीही हेच धरून ठेवलं की दिव्यांग बेवारस मुलाला अठराचा नियम लावून बाहेर काढू नका. त्यांच्याकडं वाढलेली माला पापळकर, जळगावच्या रेल्वे स्टेशनवर सापडलेली अंध मुलगी, २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. अठराला दार बंद झालं असतं तर ती अभ्यासाला कुठं बसली असती, तुम्हीच सांगा.

अशी घरं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. त्यामुळं वर्गशिक्षकांना माझं सांगणं एवढंच की मूल अकरावीत आल्यावर जन्मतारीख बघा. आधार, बँक खातं, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर अनाथ प्रमाणपत्र, ही कामं संस्थेत असतानाच झालेली बरी, कारण बाल कल्याण समितीचे आदेश आणि जुन्या नोंदी तिथल्याच कपाटात असतात. बाहेर पडल्यावर त्या कागदासाठी पोराला रोजगार बुडवून चार-चार चकरा माराव्या लागतात. बालगृहाच्या अधीक्षकांना सरळ विचारा, आराखडा झाला का? विचारणारं कुणी असलं की फाईल हलते. अठराच्या आतल्या मुलाची अडचण असेल तर १०९८ आहेच.

आणि पालकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात भाड्याच्या खोल्या आहेत. विद्यार्थी आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, वडिलांचा नंबर दे. या मुलांची खोली तिथंच जाते. शाळेचा किंवा संस्थेचा नंबर चालेल, असं म्हणून बघा.

त्या मुलाचा आराखडा एप्रिलपर्यंत झालेलाच नव्हता. का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. आम्ही दोघं जिल्ह्याच्या ठिकाणी तीनदा गेलो. जून-जुलै त्यानं एका मित्राच्या आखाड्यावर झोपून, अर्धापुरातच केळीच्या गाड्या भरत काढले. अनुरक्षणाचे पैसे सुरू व्हायला पुढची दिवाळी उजाडली. आता तो नांदेडला दुसऱ्या वर्षाला आहे. त्या अर्जातल्या रकान्यात आम्ही शेवटी माझ्या घराचा पत्ता लिहिला होता. त्याची कॉलेजची पत्रं अजून माझ्याकडंच येतात आणि शनिवारी तो ती न्यायला येतो.