झोळी, ताडपत्री आणि घोंगडी

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या एसटीने कोल्हापूरहून शिरोळकडे निघालात, तर धुक्यातून साखर कारखान्याजवळच्या कोप्यांच्या रांगा दिसू लागतात. बीडकडून आलेले ऊसतोडणी कामगार गळिताचा सारा हंगाम या कोप्यांत काढतात. बांबू वाकवून त्यावर चटई, चटईवर ताडपत्री, आत जमिनीवर उसाचे पाचट, पाचटावर वाकळ आणि आडव्या बांबूला टांगलेली बाळाची झोळी. गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या दुकानात जाल, तर तेथेही हेच तीन जिन्नस दिसतील : टांगून निजण्याची झोळी म्हणजे हॅमॉक, वरचे आच्छादन आणि उबेचे अंथरूण-पांघरूण. फरक मुख्यतः किमतीचा.

आता समजा, तुमच्या शाळेचे हिवाळी शिबिर पन्हाळ्यापलीकडे मसाई पठाराच्या बाजूला भरणार आहे. जमीन खडकाळ, म्हणून तुम्ही दोन झाडांमध्ये झोळी बांधून निजायचे ठरवले. कोल्हापुरात या दिवसांत पहाटेचे तापमान बहुधा १४-१५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एखाद्या रात्री ते दहाच्या जवळ उतरते. ही काय थंडी, असे हिमालयात जाऊन आलेला माणूस म्हणेल. त्याला एक रात्र नायलॉनच्या पातळ झोळीत, अंगावर जाड रजई आणि खाली काहीच नाही, असे निजवावे. पहाटे तीन वाजता तो उठून बसलेला आढळेल, आणि तक्रार करील ती पाठीची.

असे का होते? तुमचे शरीर विश्रांतीच्या वेळीही सुमारे पाऊणशे ते शंभर वॅट उष्णता बाहेर टाकीत असते. जुन्या काळच्या विजेच्या एका दिव्याइतकी. पांघरूण उष्णता निर्माण करीत नाही, ते तिची गळती मंद करते. आणि हे काम कापूस किंवा लोकर स्वतः फारसे करीत नाही. तंतूंच्या दरम्यान अडकून पडलेली स्थिर हवा ते करते, कारण हवा उष्णतेची अत्यंत दुर्वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून ओली गोधडी आणि गोधडी नसणे यांत फारसा फरक राहत नाही.

झोळीत अंगावरची रजई फुगलेली राहते. अंगाखाली दुमडून घेतलेली तिची कडा मात्र तुमच्या वजनाने दाबली जाते. हवा निघून जाते आणि उरते नुसते कापड. जमिनीवर निजलात तर खालची माती निदान जागची हलत नाही. झोळीखालून वारा वाहत असतो. पाठीने जरा तापवलेली हवा तो दर क्षणी पळवतो आणि नवी थंड हवा आणून ठेवतो. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालतो, तोच हा प्रकार. येथे चहाच्या जागी तुम्ही आहात.

उपाय दोन. एक, झोळीच्या आत न दाबली जाणारी फोमची चटई घालणे. ही स्वस्त पडते, पण कूस बदलली की सरकते. दुसरा उपाय अधिक शास्त्रशुद्ध : गोधडी झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची. चारही टोके सुतळीने झोळीच्या दोरांना अशी बांधा की गोधडी कापडाला सर्वत्र हलकेच टेकेल, पण तुमचा भार तिच्यावर येणार नाही. मध्ये फट राहिली तर वारा शिरेल. फार ताणली तर हवा निघून जाईल. पहिल्या खेपेस हे साधत नाही. घरी किंवा शाळेच्या आवारात दोनदा करून पाहा.

पटत नसेल तर प्रयोग करा. सारख्या दोन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा. दोन्ही बाजारच्या जाळीदार पिशव्यांत आडव्या निजवून वाऱ्यावर टांगा. एकीवर फक्त वरून लोकरीचे कापड टाका. दुसरीला तेवढेच कापड खालून, सैलसर बांधा. दर दहा मिनिटांनी तापमापकाने तापमान मोजून आलेख काढा. मग दोन तुकडे घेऊन तिसरी बाटली वरून-खालून झाका आणि तिन्ही आलेखांची तुलना करा.

खाली टांगायला काय घ्यावे? माझे मत विचाराल तर घोंगडी. आपल्या जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरांच्या खांद्यावर ती तुम्ही पाहिली असेल. दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीची, मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी अंगाला टोचते, हे खरे. पण लोकरीचा तंतू नागमोडी असतो. दाबला तरी तो पुन्हा उसळतो आणि हवेच्या जागा मोकळ्या ठेवतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतकी वाफ सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. मेंढरांमागे उघड्या माळावर रात्र काढणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे? दोष एकच, ती जड असते. पाठीवरून वाहायची असेल तर कृत्रिम तंतूंची हलकी गोधडी बरी.

आता ताडपत्री. पाऊस नसताना ती कशाला, असे तुम्ही म्हणाल. निरभ्र रात्री जमीन, गवत आणि तुमचे पांघरूण आकाशाकडे अखंड प्रारण सोडीत असतात. वरून परत येणारे प्रारण त्या मानाने फार थोडे असते. त्यामुळे या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावर दव जमते. याच कारणाने पूर्वी अलाहाबादेकडे हिवाळ्यात मातीच्या उथळ पसरट भांड्यांत पाणी भरून ती गवतावर रात्रभर उघड्यावर ठेवीत, आणि सकाळी बर्फ गोळा करीत. रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे लंडनचा डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स याने एक फळी चार काठ्यांवर उभी केली आणि तिच्या वरच्या व खालच्या अंगाला दहा-दहा ग्रेन वजनाचे लोकरीचे पुंजके लावले. सकाळी वरच्याचे वजन दवाने १४ ग्रेनने वाढले होते, खालच्याचे अवघे ४ ग्रेनने. दवावरचे त्याचे पुस्तक १८१४ साली निघाले. तुमची ताडपत्री म्हणजे वेल्सची फळीच. तिचे तापमान साधारण हवेइतके राहते आणि आकाशाच्या ऐवजी तीच तुमच्याकडे प्रारण धाडते.

मात्र ती अंगाभोवती लपेटू नका. श्वासातली वाफ प्लॅस्टिकला लागून थेंब बनते आणि सकाळी मुले म्हणतात, ताडपत्री गळकी निघाली! दोन झाडांमध्ये झोळीच्या वर वेगळी दोरी ताणून तिच्यावर ताडपत्री घराच्या छपरासारखी टाका. दोन्ही टोके उघडी ठेवा. वारा येतो तिकडची बाजू जमिनीजवळ आणा. खोलगट, ओढ्याकाठची जागा टाळा. रात्री थंड, जड हवा उताराने तेथेच येऊन साचते.

दोरांबद्दल थोडे गणित. नवशिके झोळी पलंगासारखी सपाट व्हावी म्हणून दोर घट्ट ताणतात. प्रत्येक दोराला तुमचे निम्मे वजन वर उचलायचे असते, पण तो तिरपा असल्याने ताण त्याहून बराच जास्त येतो. निम्म्या वजनाला दोराच्या क्षितिजाशी असलेल्या कोनाच्या साइनने भागा. तुमचे वजन ५० किलोग्रॅम आणि कोन ३० अंश असेल, तर ताण ५० किलोग्रॅम-भार. कोन १० अंश केला की १४४. पाच अंशांना २८७! सुतळी तुटते, गाठ सुटते, नाही तर बारीक झाड वाकते. तेव्हा कोन तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि झोळी खुर्चीइतक्याच उंचीवर बांधा. सपाट निजायचे असेल तर झोळीत जरा तिरके पडा. झाडाला दोरी न बांधता रुंद पट्टा गुंडाळा, म्हणजे साल कापली जात नाही.

पैसे थोडे असतील तर आधी खालच्या उबेवर खर्च करा, मग ताडपत्रीवर. झोळी मजबूत सुती कापडाचीही चालते. झोळीच नको वाटली, तर कोपीतल्यासारखे वीतभर कोरडे पाचट किंवा पिंजर अंथरा. तो तितकाच चांगला दुर्वाहक आहे आणि उंदरांखेरीज कोणाचे भाडे द्यावे लागत नाही. बाळाचे शरीर लहान, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, आणि म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर निवते. कडाक्याच्या रात्री आई त्याला झोळीतून काढून वाकळीत कुशीशी घेते, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

शिबिरात कोणी सारखा कुडकुडू लागला, त्याची जीभ जड झाली, हातून साधी गाठही बांधवेना, तर थट्टा करू नका. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली जाण्याची ही लक्षणे असतात, आणि ओल्या कपड्यांत व वाऱ्यात ते गोठणबिंदूच्या पुष्कळ वरही घडते. ओले कपडे उतरवा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या आणि शिक्षकांना उठवा. ऊब हवी म्हणून ताडपत्रीखाली निखाऱ्यांची शेगडी मात्र कधीही आणू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही.