चाकांवरच्या घरात दूरचित्रवाणी : आकाश, वीज आणि पाऊस यांचे गणित

पुण्याहून शनिवारी सकाळी मोटारहोम घेऊन निघालेले एखादे कुटुंब सातारा रस्त्याने कापूरहोळला वळते, भोर गाठते आणि जवळच्या उत्रोलीच्या शिवारात ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात मुक्काम टाकते. दिवस फिरण्यात जातो. संध्याकाळी मात्र आजोबांना सातच्या बातम्या हव्या असतात आणि मुलांना क्रिकेटचा सामना. संच सुरू होतो आणि पडद्यावर एकच ओळ उमटते, ‘सिग्नल उपलब्ध नाही’. गाडी नवी, संच नवा, डिशही नवी. दोष यांपैकी कशाचाच नसतो. सावलीसाठी गाडी ज्या वडाखाली लावलेली असते, त्या वडाचा तो असतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या वाहनांना त्यात स्थान मिळाले, आणि अशा वाहनांत अपेक्षित असलेल्या सोयींच्या यादीत दृक्‌श्राव्य साधनांचाही समावेश झाला. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक फिरत्या घरांत त्यामुळे पडदा असतोच. त्यावर चित्र कोठून आणायचे, हा प्रश्न मात्र प्रवाशाला स्वतःच सोडवावा लागतो.

अँटेनाचा काळ सरला

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. गच्चीवरचा अँटेना सिंहगडाच्या दिशेने फिरविणे आणि खालून ‘दिसते का?’ असे विचारणे हा पुणेकरांच्या एका पिढीचा नित्याचा अनुभव होता. भोरपासून सिंहगड सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे; पण मध्ये डोंगर आहेत आणि जमिनीवरून येणाऱ्या या लहरींना डोंगर ओलांडणे कठीण जाते.

आता तो प्रश्नही उरलेला नाही. दूरदर्शनची जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीची बहुतेक सर्व प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली. परदेशात फिरत्या घराच्या छपरावर अजूनही साधा अँटेना उपयोगी पडतो. त्या देशांची माहिती वाचून येथे तसाच अँटेना विकत घेणाऱ्याची मात्र निराशा होईल. आपल्याकडे खरे पर्याय तीनच आहेत : उपग्रह, मोबाइलचे जाळे आणि घरूनच भरून आणलेला साठा.

उपग्रह नेमका कोठे?

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरतात. त्यामुळे जमिनीवरून ते आकाशात एकाच जागी स्थिर भासतात. डिशचे तोंड त्या जागेकडे वळविणे, एवढेच काम असते. मात्र ६० सेंटिमीटरच्या डिशला एक-दोन अंशांची चूकही महागात पडते.

दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. उत्रोली परिसरातून तो आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर असतो. टाटा प्लेसाठी वापरला जाणारा, २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ हा ८३ अंश पूर्वेस आहे. तो दक्षिणेकडे अधिक झुकलेला, सुमारे १५३ अंश दिशेला आणि ६६ अंश उंचीवर सापडतो. एअरटेलचा १०८.२ अंशांवरील उपग्रह त्यामानाने खाली, सुमारे ४५ अंशांवर आहे.

या आकड्यांतून एक दिलासा मिळतो. जर्मनीत फिरत्या घराची डिश सुमारे ३० अंशांवर रोखावी लागते. तेथे साधी टेकडीही आड येते. महाराष्ट्रात उपग्रह बरेच उंच आहेत. त्यामुळे नीरेच्या खोऱ्यात सभोवती डोंगर दिसत असले, तरी ते सहसा अडथळा ठरत नाहीत. वरंध घाट उतरून कोकणात गेल्यावर पूर्वेकडे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. तेथेही अगदी कड्याला खेटून गाडी लावली तरच, आणि तीही ४५ अंशांवरच्या उपग्रहाच्या बाबतीत, अडचण येऊ शकते. खरा शत्रू डोंगर नसून डोक्यावरचे झाड आहे. ओल्या पानांची दाट छत्री या लहरी जवळजवळ पूर्णपणे अडविते.

जागा निवडण्याची एक सोपी युक्ती आहे. हात समोर ताठ धरून मूठ आवळली, की मुठीची उंची सुमारे दहा अंश भरते. आग्नेयेकडे तोंड करून क्षितिजापासून एकावर एक अशा सहा मुठी मोजाव्यात. तेथे मोकळे आकाश दिसले, तर फ्री डिशचे चित्र मिळण्यास हरकत नाही. दिशेसाठी साधे होकायंत्र पुरते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक नगण्य आहे. फक्त होकायंत्र गाडीच्या लोखंडापासून चार पावले दूर धरावे.

आणखी एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. घरगुती डिश ‘ऑफसेट’ प्रकारची असते. तिचे तोंड पाहून ती जितकी वर रोखलेली वाटते, त्याहून पुष्कळ वरच्या लहरी ती पकडते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न विसंबता मागील पट्टीवरच्या अंशांच्या खुणा पाहाव्यात. पुणे आणि भोर यांच्या कोनांत फरक जवळजवळ नाही. मात्र हीच गाडी नागपूरला नेली, तर जीसॅट-१५ साठी उंची ६० अंश म्हणजे तशीच राहते, दिशा मात्र सुमारे १३ अंशांनी दक्षिणेकडे सरकते. लांबच्या प्रवासात प्रत्येक मुक्कामी दिशा नव्याने शोधावी लागते ती यामुळेच.

विनाशुल्क की सशुल्क?

डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘फ्री डिश’ झालेली दूरदर्शनची सेवा अधूनमधून प्रवास करणाऱ्यांसाठी विशेष सोयीची आहे. पेटी आणि डिश एकदा घेतली की मासिक वर्गणी नाही; त्यामुळे गाडी तीन महिने उभी राहिली, तरी पैसे वाया जात नाहीत. सह्याद्री वाहिनी, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आणि आकाशवाणीची अनेक केंद्रे त्यावर मिळतात. खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने दिली जात असल्याने त्यांची यादी मात्र बदलत राहते. पेटी घेताना ती एमपीईजी-४ प्रकारची असल्याची खात्री करावी. जुन्या पेटीवर काही वाहिन्या उमटत नाहीत.

ठरावीक मराठी मालिका किंवा खेळांच्या वाहिन्या हव्याच असतील, तर सशुल्क डीटीएच सेवेकडे वळावे लागते. घरातील दुसरी जोडणी गाडीसाठी वापरण्यापूर्वी कंपनीच्या अटी विचारून घेणे श्रेयस्कर.

छपरावर की जमिनीवर?

डिश तीन प्रकारे वापरता येते. पहिला प्रकार तिपाईचा. डिश गाडीत ठेवायची आणि मुक्कामी बाहेर मांडायची. तो सर्वांत स्वस्त तर आहेच; शिवाय गाडी सावलीत आणि डिश दहा मीटर दूर उन्हात, असे करता येते. वाऱ्याने ती हलू नये म्हणून पायांवर दगड किंवा पाण्याचे कॅन ठेवावेत. तिपाई सपाट बसली नाही, तर अंशांच्या सर्व खुणा चुकतात.

दुसरा प्रकार छपरावर कायम बसविलेल्या, बटण दाबताच उपग्रह शोधणाऱ्या डिशचा. श्रम वाचतात, पण किंमत अनेक पटींनी वाढते आणि गाडी स्वतःच मोकळ्या आकाशाखाली उभी करावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. तिसरा प्रकार घुमटाकार आवरणातील, धावत्या गाडीतही उपग्रहाचा पाठलाग करणाऱ्या अँटेनाचा. तो सर्वांत महाग. आणि वृक्षांच्या कमानींतून जाणाऱ्या रस्त्यांवर त्याचेही चित्र तुटतच राहते. वर्षातून चार-सहा वेळा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला तिपाई पुरेशी आहे.

मोबाइलचा मार्ग

मोबाइलच्या जाळ्यावरून कार्यक्रम पाहण्यास ना डिश लागते ना दिशा. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५-जी सेवा सुरू झाल्यानंतर शहरांलगत हा मार्ग अधिक सुकर झाला. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे स्वतःचे व्यासपीठ सुरू केले असून त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट पाहता येतात.

मात्र मोठ्या पडद्यावर साधारण प्रतीचे चित्र तासाला सुमारे १ जीबी, तर उच्च प्रतीचे चित्र ३ जीबीपर्यंत डेटा खाते. रोज दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या योजनेत एक क्रिकेट सामनाही पुरा होत नाही. शिवाय महामार्गावर उत्तम असलेली रेंज घाटात आणि धरणांमागच्या खोऱ्यांत तुटते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डे जवळ ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

राहिला तिसरा पर्याय. चित्रपट व मुलांचे कार्यक्रम घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून पेन ड्राइव्हमध्ये किंवा टॅबमध्ये न्यावेत. ताज्या बातम्या यातून मिळत नाहीत. पण आकाश, रेंज आणि पाऊस यांपैकी कशावरही न अवलंबणारा हा एकमेव मार्ग आहे.

विजेचा हिशेब

बारा व्होल्टवर थेट चालणारा २४ इंची एलईडी संच सुमारे ३० वॉट आणि सेट टॉप बॉक्स दहा-बारा वॉट घेतो. इतर घट धरून एकूण ५० वॉट मानावेत. गाडीतील १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १,२०० वॉट-तास असतात. पण ती अर्ध्याहून खाली उतरविल्यास तिचे आयुष्य घटते. हाती राहिलेल्या ६०० वॉट-तासांत संच बारा तास चालतो. रोज संध्याकाळचे चार तास पाहिल्यास दिवसाला २०० वॉट-तास. १०० वॉटचे सौर पॅनेल निरभ्र दिवशी ४०० वॉट-तासांच्या आसपास वीज देते, म्हणजे संचाची गरज सहज भागते. पंखा आणि फ्रिज यांचा भार मात्र त्याच बॅटरीवर असतो, हे विसरू नये. घरातील साधा संच इन्व्हर्टरवर चालविल्यास आणखी दहा-पंधरा टक्के वीज रूपांतरातच जाते.

ही बॅटरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीपासून वेगळी हवी. अन्यथा रात्री चित्रपट पाहावा आणि सकाळी गाडी ढकलावी, अशी पाळी येते.

पाऊस आला की...

या साऱ्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची बाब पावसाची. डीटीएच सेवा ज्या ‘केयू बँड’ लहरींवर चालते, त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात व विखुरतात. रिमझिम चालते, पण घाटमाथ्यावर सर कोसळू लागली की चित्राचे चौकोन होतात आणि नंतर पडदा काळा पडतो. ७५ किंवा ९० सेंटिमीटरची डिश घेतल्यास थोडा अधिक काळ तग धरता येतो, एवढेच. त्याच सुमारास वीज गेली, तर परिसरातील मोबाइल मनोरेही काही तासांत बंद पडू शकतात.

म्हणजे ज्या वेळी बातमीची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी चित्र जाते. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात वारंवार वाहतुकीस बंद ठेवला जातो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला, तो याच डोंगररांगेच्या पलीकडच्या बाजूला. या भागात पावसाळ्यात फिरते घर घेऊन जाणाऱ्याने दूरचित्रवाणीला करमणुकीचे साधन मानावे, इशाऱ्याचे नव्हे. हवामान खात्याचा अंदाज रेंज असतानाच पाहून ठेवावा आणि पुढच्या मुक्कामाचा निर्णय त्यावर घ्यावा. सेलवर चालणारा छोटा रेडिओ जवळ असावा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप उपयोगी पडते. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच डिशची तार संचापासून काढून ठेवावी. माळावर उभी असलेली धातूची तिपाई हाताळण्याची ती वेळ नव्हे.

चालकाच्या नजरेआड

वाहनचालन विनियम, २०१७ नुसार वाहन चालविताना चालकाने चित्रफिती पाहण्यास मनाई आहे; मार्ग दाखविणारा नकाशा तेवढा अपवाद. म्हणून पडदा मागील भागातच, चालकाला आरशातूनही दिसणार नाही असा बसवावा. धावत्या गाडीत मागे बसून पाहणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावलेला असावा, आणि संच भिंतीला पक्का आवळलेला असावा. अचानक ब्रेक लागल्यास सुटा संच इजा करू शकतो.

थोडक्यात, अधूनमधून फिरणाऱ्या कुटुंबासाठी तिपाईवरची साठ सेंटिमीटरची डिश, फ्री डिशची पेटी, पेन ड्राइव्हमधील दोन-चार चित्रपट आणि एक रेडिओ एवढे पुरते. बातम्यांचे व्यसन असणाऱ्यांनी मोबाइल डेटाची जोड द्यावी. महागडा स्वयंचलित अँटेना वर्षाचे काही महिने रस्त्यावरच काढणाऱ्यांसाठी ठीक. कोणताही पर्याय निवडला, तरी मुक्कामी पोहोचल्यावर पहिले काम एकच : गाडी उभी करण्यापूर्वी खाली उतरावे, आग्नेयेकडे पाहावे आणि सहा मुठी मोजाव्यात. वर पाने दिसली, तर गाडी सावलीत राहू द्यावी आणि डिश तेवढी उन्हात न्यावी.